आधी तिला दाखवला का?



गेल्या महिन्यात चौथीच्या वर्गाला 'माझा आवडता छंद' हा निबंध द्यायचा होता. तुम्हाला अनुभव असेलच, हा निबंध दिला की निम्म्या वह्यांत 'मला वाचनाचा छंद आहे' असं येतं, आणि तीच मुलं वाचनाच्या तासाला खिडकीबाहेर बघत बसलेली असतात. म्हणून या वेळी लिहायच्या आधी नुसत्या गप्पा मारायच्या ठरवल्या. कुणी गोट्या सांगितल्या, कुणी कबुतरं. एकाने 'म्हशी धुणं' सांगितलं. तो खरंच त्याचा छंद आहे, मी त्याला नदीवर पाहिलंय. मग एका मुलाने मलाच विचारलं, "बाई, तुमचा छंद कुठला?"

"फोटो काढणं," मी म्हणाले.

"फोटू तर समदीच काढत्यात की बाई! त्यात कसला छंद?"

वर्ग हसला, मीही हसले. पण त्याला उत्तर देता आलं नाही. घंटा झाली आणि विषय तिथेच राहिला. त्या दिवशी न दिलेलं उत्तर आज इथे लिहिते आहे. लेख जरा लांबला आहे, पण आपण सगळेच रोज मुलांचे फोटो काढतो. त्यामुळे शेवटपर्यंत वाचाल अशी आशा आहे.

छंद लागला कसा

डी.एड. करून नोकरीला लागले तेव्हा माझ्याकडे साधा बटणांचा फोन होता. पुढे स्मार्टफोन आला आणि त्याच्या मागोमाग फोटोंची मागणी आली. वृक्षारोपण झालं, फोटो पाठवा. हात धुवा दिन झाला, फोटो पाठवा. पुस्तकं वाटली, गणवेश वाटले, पोषण आहार शिजला, फोटो पाठवा. मुलांना रांगेत उभं करायचं, मागचा फलक पूर्ण दिसला पाहिजे, फलकावरची तारीख दिसली पाहिजे. मुलं दिसली नाहीत तरी चालतात! अशा फोटोंना आपण 'पुरावा' म्हणतो आणि ते बरोबरच आहे. त्यांचा तेवढाच उपयोग असतो.

एकदा फोन भरला म्हणून जुने फोटो पुसत बसले होते. रांगा, फलक, रोपं, परत रांगा. त्यात एक फोटो चुकून काढलेला निघाला. रांग लावण्याआधीच बोट लागलं असावं. दोन मुली पाठमोऱ्या, एक दुसरीच्या वेणीला रिबन बांधतेय आणि दातांत दुसरी रिबन धरलीय. फलक नाही, तारीख नाही. तो एक मला पुसवेना. माझा छंद तिथून सुरू झाला. पुढे महागाई भत्त्याचा फरक मिळाला तेव्हा एक जुना कॅमेरा घेतला. घरात थोडी बोलणी बसली, पण घेतला.

दुसरा रविवार

तालुक्याच्या गावी एक फोटो स्टुडिओ आहे. त्याच्या मागच्या खोलीत महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही सहा-सात जण जमतो. एसटीत कंडक्टर असलेले एक दादा आहेत. मेडिकल दुकानवाले एक दादा पक्ष्यांचे फोटो काढतात. कॉलेजात शिकणारा एक मुलगा आहे. स्टुडिओवाले स्वतः लग्नाच्या सीझनमध्ये नसतात, बाकी असतात. आणि पोस्टातून निवृत्त झालेले एक काका आहेत, त्यांना आम्ही मास्तरकाका म्हणतो. ते रोलच्या कॅमेऱ्यावर शिकलेले. एका रोलमध्ये ३६ फोटो, आणि धुऊन येईपर्यंत काय झालंय कळायचं नाही. त्यामुळे ते आजही बटण दाबायच्या आधी एक पाऊल मागे जाऊन बघतात.

आमचे नियम साधे आहेत. प्रत्येकाने त्या महिन्यात काढलेले तीनच फोटो आणायचे. तेही मोबाईलवर नाही, चार बाय सहाचे प्रिंट. मोबाईलवर बोट पुढे सरकतं. कागद टेबलावर पडून राहतो आणि त्याच्याकडे बघावंच लागतं. ज्याचा फोटो आहे त्याने सुरुवातीला गप्प बसायचं. बाकीच्यांनी आधी काय दिसतंय तेवढंच सांगायचं. मग नजर सगळ्यात आधी कुठे जाते ते. मग एखादा प्रश्न. सगळ्यात शेवटी फोटो काढणाऱ्याने बोलायचं. 'छान', 'मस्त' आणि 'अप्रतिम' या तीन शब्दांना तिथे बंदी आहे. चुकून कुणी बोललं तर सगळ्यांच्या चहाचे पैसे त्याने द्यायचे.

हौशी लोकांनी असं एकत्र बसून एकमेकांचे फोटो बघणं आपल्याकडे नवीन नाही. १८५४ साली मुंबईत 'फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे' ही संस्था निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्याशी जोडलेले होते. फ्रान्समध्ये फोटोग्राफीची पद्धत जगासाठी खुली झाली ती १९ ऑगस्ट १८३९ रोजी, म्हणून तो दिवस आपण जागतिक छायाचित्रण दिन म्हणून पाळतो. म्हणजे अवघ्या पंधरा वर्षांत इथल्या माणसांनी तो नाद लावून घेतला होता! मास्तरकाकांनी हे सांगितलं तेव्हा आमचे कंडक्टर दादा म्हणाले, "म्हणजे आपली मंडळं जुनीच म्हणायची. चहा तेव्हा कोण पाजत होतं?"

पहिल्यांदा गेले तेव्हा मी कृष्णेच्या घाटावरचा सूर्यास्त नेला होता. नदी, सूर्य, देऊळ, नावाडी, पाण्यात उतरलेली गुरं, सगळं त्यात होतं. गावातल्या सगळ्यांनी वाखाणलेला फोटो! टेबलावर ठेवला आणि गप्प बसले. मेडिकलवाले दादा म्हणाले, नजर सूर्यावर जाते. कॉलेजचा मुलगा म्हणाला, नावाड्यावर. स्टुडिओवाले म्हणाले, देवळाचा कळस तिरका दिसतोय, क्षितिज उजवीकडे कललंय. मास्तरकाका बराच वेळ बघून म्हणाले, "बाई, ह्यात तीन फोटो आहेत. तुम्हाला कुठला काढायचा होता?"

माझ्या अगदी डोळ्यांत पाणी आलं. घरी येऊन फोटो कपाटात टाकला. रात्री परत काढला. तीन फोटो होते खरे. नावाडी आणि त्याचं पाण्यातलं प्रतिबिंब एवढंच ठेवून बाकी झाकलं, तेव्हा पहिल्यांदा मला त्याचं वाकलेलं खांद्याचं हाड दिसलं. तेच बघून मी कॅमेरा उचलला होता, आणि मग सूर्यही आला पाहिजे, देऊळही आलं पाहिजे म्हणत मागे मागे गेले होते.

त्या खोलीत पुढे बरंच शिकले. पक्षी ज्या दिशेला बघतोय त्या बाजूला मोकळी जागा सोडायची. मेडिकलवाल्या दादांचा खंड्या अगदी पिसन्पिस दिसेल इतका स्वच्छ आला होता, पण चोच कडेला टेकलेली, त्यामुळे तो भिंतीला धडकणार असं वाटत होतं. माणसाच्या डोक्यामागे विजेचा खांब आहे का ते आधी बघायचं, नाहीतर खांब डोक्यातूनच उगवतो. भर दुपारी चेहऱ्याचा फोटो काढला तर डोळ्यांच्या खोबणी काळ्या येतात, त्याच माणसाला दारात किंवा झाडाच्या सावलीत घेतलं की चेहरा उजळतो. हे सगळं पुस्तकातही मिळतं. पण आपल्या फोटोवर दुसऱ्याचं बोट टेकल्याशिवाय ते आपल्याला दिसत नाही, हा माझा अनुभव आहे.

वर्गात काय बदललं

तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक, पण शाळेचं काय? सांगते.

घाटाच्या फोटोनंतर दोन दिवसांनी मी निबंधाच्या वह्या तपासत होते. लाल पेन हातात होतं. 'माझी आई' हा निबंध. एका मुलाने लिहिलं होतं, 'माझ्या आईच्या हाताला तंबाखूच्या पानाचा वास येतो.' पुढचं वाक्य अशुद्ध होतं, वेलांटी चुकली होती, मी तिथे गोल केला. आणि थांबले. त्या वासाच्या वाक्याबद्दल मी एक अक्षर लिहिलं नव्हतं. मुलाने जे पाहिलं ते मी पाहिलंच नव्हतं, सरळ वेलांटीवर गेले होते. मास्तरकाकांनी निदान आधी बराच वेळ माझा फोटो बघितला होता!

तेव्हापासून वर्गात आमच्या खोलीतलेच नियम लावले. चित्र असो, निबंध असो, मातीचा बैल असो, आधी बाकीच्यांनी काय दिसलं ते सांगायचं. ज्याचं आहे त्याने ऐकायचं. मग एक प्रश्न. चूक सांगायची ती शेवटी, आणि एकच. चित्रवर्णनाच्या तासाला पुस्तकातल्या चित्राबरोबर मी आमच्या गावचे फोटो ठेवते. गिरणी, पाण्याची टाकी, बाजारातली मिरच्यांची रास. गाईडमध्ये त्यांची उत्तरं नसतात, त्यामुळे मुलांना बघावंच लागतं. एकदा बुटाच्या खोक्याला टाचणीने भोक पाडून आणि मागे ट्रेसिंग पेपर लावून सूचिछिद्र प्रतिमाग्राहक केला. कागदावर शाळेसमोरचं लिंबाचं झाड उलटं दिसलं तेव्हा मुलांनी गलका केला. एक जण खोकंच उलटं धरून बघत होता, झाड सरळ होतंय का म्हणून.

म्हणजे आपण बरंच काही शिकलोय असं मला वाटायला लागलं होतं. आता मुख्य गोष्टीकडे येते.

दारातला फोटो

आमच्या भागात दिवाळीनंतर ऊसतोड सुरू होते. बीडकडून टोळ्या येतात, शिवारात कोप्या पडतात आणि आपल्या वर्गात काही नवे चेहरे दिसायला लागतात. गेल्या वर्षी तिसरीत अशीच एक मुलगी आली, शिक्षण हमी कार्ड घेऊन. तिचं नाव मी इथे लिहीत नाही. आई-बाप पहाटेच फडात जायचे, म्हणून ती दीड वर्षाच्या भावाला कडेवर घेऊन शाळेत यायची. तो वर्गात मागे गोणपाटावर बसायचा, झोपायचा, कधी रडायचा.

जानेवारीतली सकाळ होती. मी पटांगणात झाडाखाली कॅमेरा घेऊन उभी होते. ती वर्गाच्या दारात येऊन थांबली. भाऊ कडेवर, दुसऱ्या काखेत पुस्तक दाबलेलं. कोवळं ऊन डावीकडून येत होतं. तिचा अर्धा चेहरा उजळलेला आणि मागे वर्गाचा अंधार. केस विस्कटलेले, नजर खाली. मी लांबूनच बटण दाबलं. तिला कळलंही नाही.

तो माझा आजवरचा सगळ्यात चांगला फोटो होता. हे मी आजही म्हणते.

दुसऱ्या रविवारी तो टेबलावर ठेवला तेव्हा सगळे एकदम शांत झाले. नंतर एकेक जण बोलायला लागला. नजर आधी चेहऱ्यावर जाते, तिथून भावाच्या हाताकडे, तिथून पुस्तकाकडे. क्षितिज सरळ, मागे एकही खांब नाही. कंडक्टर दादांच्या तोंडून 'अप्रतिम' निघून गेलं आणि त्यांनी आनंदाने चहा सांगितला. मेडिकलवाले दादा म्हणाले, "मॅडम, हा स्पर्धेला पाठवाच. लोकांना कळू दे ही पोरं कशी शिकतात." मी मनातल्या मनात फोटोला नावही देऊन टाकलं होतं.

मास्तरकाका काही बोलले नव्हते. सगळ्यांचं झाल्यावर त्यांनी विचारलं, "बाई, आधी तिला दाखवला का?"

"नाही," मी म्हणाले.

"मग आधी तिला दाखवा. मग आपण बोलू."

एवढंच. पण मला राग आला. एसटीत बसल्यावर तो वाढतच गेला. मी काय तिचं वाईट चिंतत होते? तिच्या भावाला वर्गात बसू दिलं मी. तिच्यासाठी वह्या आणल्या मी. रिटायर झालेल्या माणसाला प्रश्न विचारायला काय जातंय?

रात्री झोप येईना म्हणून फोटोग्राफीबद्दल वाचत पडले आणि नेमकी एका जुन्या फोटोशी गाठ पडली. डोरोथिआ लँग या अमेरिकन छायाचित्रकार. १९३६ साली त्यांनी कॅलिफोर्नियात निपोमो इथे वाटाण्याच्या शेतावर आलेल्या मजुरांच्या तळावर एका आईचा फोटो काढला. तिला बिलगलेली मुलं, तिचा हनुवटीला टेकलेला हात. 'मायग्रंट मदर' या नावाने तो जगभर गाजला. आई तेव्हा ३२ वर्षांची होती. लँग यांनी तिचं नाव विचारलं नव्हतं. फोटो छापून आल्यावर त्या तळावर अन्नाची मदत पोचली, पण तोवर ते कुटुंब पुढच्या कामाला निघून गेलेलं होतं. फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे तिचं नाव लोकांना कळलं ते १९७८ साली. आपल्याला त्या फोटोचा काहीच लाभ झाला नाही, याची खंत तिने बोलून दाखवली. माझं वय तेव्हा त्या आईएवढंच होतं. वाचून फोन बंद केला, तरी झोप आली नाहीच.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिला जवळ बोलावलं आणि प्रिंट हातात दिला. तिला आवडेल अशी माझी खात्री होती. ती बराच वेळ बघत राहिली. मग खालच्या आवाजात म्हणाली,

"असा कामून काढला, बाई?"

मला काही सुचेना. तीच पुढे म्हणाली, "मी तं रोज वेणी घालून येती. त्या दिशी माय पहाटंच गेली व्हती. आन् ह्याचं नाक बी पुसलेलं न्हाई." थोडं थांबून म्हणाली, "बाराचा पाढा वर्गात समद्यात आधी मी पाठ केला. तवा न्हाई काढला फोटू."

खरं होतं. पाढा पाठ झाला तेव्हा मी 'शाब्बास' म्हटलं होतं. कॅमेरा पिशवीतच होता.

मी विचारलं, "मग कसा काढू?" तिने लगेच सांगितलं. जणू ठरवूनच ठेवलं होतं. नळावर जाऊन केस ओले करून वेणी घातली. भावाला दुसऱ्या मुलीकडे दिलं. फळ्यावर बाराचा पाढा लिहिला, बारा दाहे वीसाशेपर्यंत, अक्षर न् अक्षर सरळ. आणि फळ्याशेजारी हात बाजूला घट्ट चिकटवून उभी राहिली. मी म्हटलं, "जरा हस." ती हसली नाही. सरळ कॅमेऱ्याकडे बघत राहिली. मी बटण दाबलं.

मग तिने पहिल्या फोटोबद्दल विचारलं, "तो कुणाला दाखवनार?" मी म्हटलं, "तू सांग." ती म्हणाली, "नका दाखवू." मी कॅमेऱ्यात तो फोटो काढला, कचऱ्याच्या डब्याचं चित्र असलेलं बटण कुठलं ते दाखवलं, आणि ते तिने दाबलं. प्रिंटही तिलाच देऊन टाकला. त्याचं तिने काय केलं, मी विचारलं नाही. खोटं कशाला बोलू, पुसताना माझ्या पोटात तुटलं.

नवा प्रिंट घेऊन मी संध्याकाळी त्यांच्या कोपीवर गेले. तिची आई नुकतीच फडातून आली होती, चूल पेटवत होती. तिने आधी विचारलं, "बाई, पैसं किती झालं?" काही नाही म्हटल्यावर पदराला हात पुसले आणि फोटो दोन्ही बाजूंनी कडेला धरून बघितला. तिला वाचता येत नव्हतं. "हे काय लिव्हलंय?" लेकीने पाढा म्हणून दाखवला. मग आईने पत्र्याची पेटी उघडली. आधार कार्डं आणि रेशन कार्ड ज्या प्लॅस्टिकच्या पिशवीत होती, त्या पिशवीत फोटो ठेवला आणि पेटी लावली.

पुन्हा दुसरा रविवार

फळ्याजवळचा फोटो दाखवायला तिने परवानगी दिली होती. तो मी टेबलावर ठेवला. आमच्या हिशेबाने तो कच्चाच फोटो आहे. उजेड सपाट, फळ्यावर खिडकीची चमक, पावलं कापलेली. सगळ्यांनी हे सांगितलं आणि ते खरंच होतं. मग कंडक्टर दादा म्हणाले, "पण ही सरळ आपल्याकडं बघतीय."

मेडिकलवाल्या दादांना मात्र पटलं नाही. ते म्हणाले, असे फोटो लोकांपर्यंत गेलेच नाहीत तर या मुलांचे हाल कळणार कसे? सगळ्यांनी फक्त वेणी घातलेले फोटो काढले तर कोपीतली पहाट कोण दाखवणार? त्यावर आमचा तासभर वाद झाला. दादांचं म्हणणं चूक आहे असं मला आजही म्हणता येत नाही. त्रास दिसला पाहिजे हे मलाही पटतं. पण तो कुणाचा चेहरा लावून दाखवायचा, हे त्या चेहऱ्याच्या माणसाला विचारल्याशिवाय मी ठरवू शकत नाही, आणि ती आठ वर्षांची असली तरी नाही. आमचं एकमत झालं नाही. पुढच्या रविवारी दादा नेहमीसारखे खंड्या घेऊन आले.

आपल्यासाठी

मित्रांनो, आता आपल्याबद्दल थोडं. चपला वाटताना अनवाणी पायांचा फोटो आपण काढतो. मदत देताना देणारा आणि घेणारा दोघांचा काढतो, त्यात घेणाऱ्याची मान खाली असते. रडणाऱ्या मुलाचा व्हिडिओ घरीही काढला जातो आणि नातेवाइकांत फिरतो. हेतू वाईट नसतो. माझाही नव्हता. अहवालाचे फोटो आपल्याला टाळता येणार नाहीत, पण मी स्वतःपुरतं एवढं पाळते:

१. मुलाचा फोटो आधी त्या मुलाला दाखवायचा. 'नको' म्हणालं तर नको.

२. बाहेर कुठे द्यायचा असेल तर पालकांना विचारायचं. तोंडी का होईना, पण विचारायचं.

३. मदत वाटपाचा पुरावा हवा असेल तर वस्तूंचा, हातांचा किंवा पाठमोरा फोटो घ्यायचा.

४. चेहरा, पूर्ण नाव आणि शाळेचं नाव एकत्र कुठेही टाकायचं नाही.

५. वर्षातून एकदा तरी प्रत्येक मुलाला विचारायचं, 'तुझा फोटो कसा काढू?' आणि तो प्रिंट करून घरी द्यायचा. साधारण एका चहाच्या पैशात एक प्रिंट होतो.

वर्गात फोटोवर बोलायचं असेल तर हे चार प्रश्न पुरतात: काय दिसतंय? आधी कुठे नजर गेली? काय विचारावंसं वाटतं? फोटोतल्या माणसाला हा आवडला असेल का? चौथ्या प्रश्नावर मुलं जास्त बोलतात.

आणि हो, एक राहिलं. या नोव्हेंबरला ती परत आली, आता चौथीत. भाऊ चालायला लागलाय, अंगणवाडीत जातो. आल्या आल्या तिने विचारलं, "बाई, तुमचा क्यामेरा हाय का?" तिला भावाचा फोटो काढायचा होता. पट्टा गळ्यात अडकवून दिला. तिने पटांगणात एकच फोटो काढला.

तिला विचारून तो मी दुसऱ्या रविवारी नेला. कुणाचा ते सांगितलं नाही. भावाचं डोकं वरून कापलंय, चेहरा थोडा हललाय आणि पायाशी फोटो काढणाऱ्याची सावली पडलीय. पण मास्तरकाका म्हणाले, "हा पोराच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढलाय. आपण सगळे पोरांचे फोटो वरून काढतो." स्टुडिओवाल्यांनी सावली बघून सांगितलं, "काढणाराच लहान आहे." सगळ्यांचं बोलणं मी कागदावर उतरवून घेतलं आणि सोमवारी तिला वाचून दाखवलं. तिने नीट ऐकलं आणि म्हणाली, "डोकं कापलं ते मला बी दिसलं. तो हाललाच."

फोटो सगळेच काढतात, त्या मुलाचं खरं आहे. मला नाद लागलाय तो काढल्यानंतरच्या गोष्टीचा. टेबलावर ठेवायचा, गप्प बसायचं आणि दुसऱ्याला काय दिसलं ते ऐकायचं. ज्याचा फोटो आहे त्याला काय दिसलं, ते सगळ्यात आधी. पुढच्या आठवड्यात त्याला हे सांगणार आहे, त्याच्या म्हशींचा फोटो काढायला नदीवर जाईन तेव्हा.

छंदाच्या निबंधाच्या वह्या काल तपासल्या. तिच्या वहीत दोनच वाक्यं होती. 'माझा छंद फोटो काढने. मी एक फोटो काढला आहे.'

'ने'ला गोल केला नाही. ते शेवटी सांगेन. आधी खाली लिहिलं, 'हो, मी पाहिलाय.'